अडकलेला गुडघा: या चुका टाळा

‘गुडघा लॉक झाला’ असे सांगणाऱ्या रुग्णाला मी आधी किती दुखते हे विचारत नाही. पाय नेमका कोठे अडतो आणि कसा सुटतो, हे विचारतो. खऱ्या अडकण्यात गुडघा बराचसा वाकतो, पण शेवटचे काही अंश काही केल्या सरळ होत नाही. गुडघ्यातील दोन हाडांमधल्या फाटलेल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, बादलीच्या कडीसारखा उचललेला पट्टा किंवा सांध्यात सुटा फिरणारा हाडाचा व कूर्चेचा तुकडा मध्ये आल्याने हे घडते. याउलट बराच वेळ मांडी घालून उठताना किंवा जिना उतरताना क्षणभर गुडघा धरत असेल, तर बहुधा आत काहीही अडकलेले नसते. वाटीमागचा भाग दुखतो आणि वेदनेमुळे स्नायू आखडतात. या दोन प्रकारांवर एकच उपाय करणे ही पहिली चूक.

दुसरी चूक पाहून मला आजही संताप येतो: अडकलेला पाय ओढून सरळ करणे. कबड्डी खेळणाऱ्या एका मुलाचा पाय रोवलेला असताना शरीर वळले आणि गुडघा वाकलेलाच राहिला. गावात दोघांनी मांडी दाबून धरली, तिसऱ्याने घोटा ओढला आणि मग आठवडेच्या आठवडे तेलाने चोळणे चालले. तो माझ्याकडे व्यायामासाठी आला तेव्हा मांडी बारीक झाली होती, टाच पलंगाला टेकत नव्हती. शस्त्रक्रियेत गादीची कड इतकी चिंधडलेली निघाली की टाके घालणे शक्य नव्हते, तो भाग काढावाच लागला. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तेथील ताजी फाट शिवल्यास भरून येऊ शकते. गादी कापली गेली की पुढे सांधा झिजण्याचा धोका वाढतो. ‘एका झटक्यात मोकळा करतो’ म्हणणाऱ्यांना हे कोण सांगणार?

अशा वेळी मी गुडघा सोसेल तितका वाकलेला ठेवतो, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावतो आणि कुबड्या देऊन एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवतो.

एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यात गादी दिसतच नाही. उलट पन्नाशीनंतर काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्ये गादीची फाट आढळते, त्यामुळे केवळ अहवालातील शब्द वाचून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची घाई करणारेही मला उतावळेच वाटतात. झिजेच्या अशा दुखण्यात मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आधी नेटाने करावेत. चार दिवसांत गुण नाही म्हणून ते सोडणाऱ्यांची तक्रार मी फारशी मनावर घेत नाही.

लहान मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबाही तपासून घ्यावा, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते. गुडघा लाल, गरम व सुजलेला असून ताप असेल, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. शेक, लेप आणि वेदनाशामक गोळ्यांत रात्र न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे.