फेरीबोट येईपर्यंत एक चित्र

संध्याकाळी सहाला गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर पोचावं, तर फेरीबोट नेमकी मांडवी नदीच्या पलीकडे, चोडण बेटाच्या काठाला. ती इकडे येऊन, गाड्या उतरवून, पुन्हा भरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं आपली. मी ३१ वर्षं बँकेच्या काउंटरवर नोटा मोजल्या, दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. चित्रं काढली ती बरीचशी ह्या पंधरा-वीस मिनिटांत. ‘तुला वेळ मिळतो तरी कसा गो?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितेय. वेळ मिळत नाही. आहे त्या वेळाच्या मापाचं चित्र बेतावं लागतं, चोळीच्या खणासारखं.

तेव्हा रंग आणायच्या आधी आठवडाभर नुसतं घड्याळ बघा. झोपायचा, टेकायचा वेळ धरू नका. तो चित्राला दिलात तर महिन्याभरात चित्राचाच राग येईल. धरायचं ते ताटकळणं: धक्का, मुलांची शिकवणी सुटेपर्यंतचा रस्ता, दवाखान्यातली रांग, माशांचं हुमण शिजेपर्यंतचा ओटा. कुठे किती मिनिटं जातात ते कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. माझ्या आठवड्यात एकूण साडेतीन तास निघाले होते, पण एका जागी पाव तासाहून जास्त क्वचितच.

हे मोजायच्या आधी मी उलटं केलं होतं. दक्षिण गोव्यात काणकोणला बदली झाली तेव्हा उत्साहात तीन फुटी कॅनव्हास आणि तैलरंग आणले. घरात रांगतं मूल, टर्पेंटाइनचा वास, आणि अळशीच्या तेलाचे बोळे. हे बोळे एकत्र चुरगळून टाकले तर सुकताना आपोआप तापून पेटू शकतात, हे नंतर कळलं. तो कॅनव्हास चार वर्षं कपाटामागे होता. मग त्यावर मुलाने स्टंप काढले.

आता जलरंग. २२ बाय ३० इंचांचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) पूर्ण कागद आणायचा आणि त्याचे आठ तुकडे करायचे. साडेसात बाय अकराचा तुकडा पर्समध्ये मावतो, गुडघ्यावर राहतो, आणि पाव तासात भरतो. शिवाय बिघडला तर एक अष्टमांशच बिघडला. रंग पाचच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, परमनंट रोझ. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलेत की आषाढातलं आभाळ तयार मिळतं. काळा रंग विकत घ्यायची गरज नाही. ट्यूबमधला रंग जुन्या डब्यातल्या खाचांत भरून सुकवायचा, पण हे काम मार्च ते मे महिन्यात करा. जुलैत भरलात तर तो महिनाभर चिकटच राहील आणि पर्समधला रुमाल रंगवेल.

पावसाळ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे चित्रकाराचा खरा शत्रू तोच. एका वर्षी मी चांगल्या कागदाचा गठ्ठा लाकडी कपाटात ठेवला आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, उघडला. वरून पांढराशुभ्र. रंग लावला तर जागोजागी टिपकागदासारखा शोषला गेला. कागदावर सरसाचं जे लेपण असतं ते दमटपणाने आणि बुरशीने खाल्लं होतं. तेव्हापासून कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या पिंपात, दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. रंग बदलणारं निळं जेल घ्या. ते गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करता येतं (तवा वेगळा ठेवा, त्यावर मग भाकरी नको). आणि पावसात रंगाचा थर सुकायची वाट बघत बसू नका. त्या चार महिन्यांत पेन्सिल आणि वॉटरप्रूफ शाई वापरा, नाहीतर ओल्या कागदावर ओला रंग सोडून त्याला वाहू द्या. मांडवीवरचा पाऊस तसाही कडा ठेवत नाही.

धक्क्यावर मी रंग काढतच नाही. पहिली दोन मिनिटं डोळे बारीक करून नुसतं बघते: सगळ्यात काळं कुठे, सगळ्यात उजळ कुठे. मग मऊ पेन्सिलीने तीनच छटा टाकते. कांदळवनाचा पट्टा गडद, पाणी मधलं, आभाळ कोरं. कोपऱ्यात तारीख, वेळ, आणि रंग शब्दांत: ‘पाणी ताकातल्या कोकमासारखं’. रंगकाम रात्री, भांडी आवरल्यावर, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली. शब्द लिहिलेले नसतील तर त्या उजेडात सगळ्या नद्या निळ्याच होतात.

चित्र अर्धं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन उपयोग नाही. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल उघडा असलेला चिखल आज बुडालेला असतो. पण तिथी बघा. शुक्ल पंचमीला सहा वाजता जे पाणी, ते जवळपास तसंच वद्य पंचमीला सहा वाजता. मासेमाराला हे शिकवावं लागत नाही. मला मात्र सहा अर्धी चित्रं फाडल्यावर शेजारच्या मानशीवाल्याने (मानस म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार) सांगितलं.

घरच्यांचं काय? विनंती करू नका, वार ठरवा. आमच्याकडे मंगळवार. ‘अहो, मंगळवारची भांडी तुमची’ एवढंच एकदा म्हटलं. पहिले दोन मंगळवार भांडी सकाळपर्यंत तशीच राहिली आणि मी ती घासली नाहीत. अवघड भाग तोच. सासूबाईंनी मात्र कधी अडवलं नाही. सोप्यावर बसून त्या माझ्यासाठी स्थिर राहायच्या आणि दर पाच मिनिटांनी ‘नाक मोठं काढू नकोस हां’ म्हणायच्या. मुलांना वेगळा ब्रश द्या, नाहीतर तुमच्या चांगल्या ब्रशने प्रकल्पाच्या वहीला डिंक लागेल.

बदल्यांच्या काळात मला धीर आला तो एका आयरिश माणसामुळे. टोनी ओ'मॅली, जन्म १९१३, किलकेनी परगण्यातलं कॅलन गाव. हाही बँकेतलाच! मन्स्टर अँड लेन्स्टर बँकेत नोकरी, ह्या गावाहून त्या गावाला बदल्या, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १९४०च्या दशकात क्षय झाला आणि त्या आजारपणात त्याने चित्रकला मनावर घेतली. १९५८मध्ये प्रकृतीमुळे बँक सोडली, १९६०मध्ये इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला जाऊन राहिला. लग्न केलं १९७३मध्ये, साठीला टेकताना. बायको जेन हीसुद्धा चित्रकार. १९९०मध्ये दोघं आयर्लंडला परतली, आणि २००३मध्ये जाईपर्यंत तो रंगवत होता. म्हणजे पंचेचाळिशीपर्यंत तो माझ्यासारखाच फावल्या वेळातला होता. त्याला संसार उशिरा लागला, मला आधी, हा फरक आहेच. त्याच्या वाटेने जा असं मी कुणाला सांगणार नाही.

पण त्याची एक सवय मी उचलली. दर गुड फ्रायडेला तो चित्र करायचा. आपल्याकडे गुड फ्रायडेही आहे, पण माझ्या घरचा दिवस वेगळा, म्हणून मी चवथीची माटोळी धरली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळं-रानफळांची लाकडी चौकट. दर वर्षी एक, त्याच साडेसात बाय अकरावर. वर्षभर काही जमलं नाही तरी हे होतंच, आणि ओळीने मांडली की घर दिसतं: कुठल्या वर्षी कवंडळं मिळाली नाहीत, कुठल्या वर्षी कांगलांनी चौकट लालभडक झाली, कुठल्या वर्षी सुतक म्हणून नुसती रिकामी लाकडी चौकटच काढली.

तुम्ही तुमचा दिवस निवडा, आणि त्या दिवसाचा कागद आदल्या महिन्यातच कापून पिंपात वेगळा ठेवा. चवथीच्या आदल्या रात्री माटोळी बांधून होते तेव्हा अकरा वाजलेले असतात. करंज्या तळायच्या बाकी असतात. स्टूल दाराशी ओढायचं, सगळ्यात आधी चिबूड काढायचा. तो सगळ्यात जड असतो आणि पहाटेपर्यंत दोरी ताणून दोन बोटं खाली येतो.