स्कॉटिश एल: आधी गारठा उतरू द्या

ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणाऱ्या पबमध्ये, स्कॉटिश एल ही बिअर मागवलीत तर पहिला घोट घाईने घेऊ नका. ग्लास बहुतेक वेळा गरजेपेक्षा थंडगार येतो आणि त्या गारठ्यात माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) चव दबून जाते. थोडा वेळ तळहातात धरून बसा. १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास टॉफी, करपत आलेली साखर, पावाची खरपूस कड असं एकेक उलगडायला लागतं. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा इथे मागेच असतो, तो शोधत बसू नका. धुराचा वास आलाच तर ती बनवणाऱ्याची हौस! पाटीवर ‘वी हेवी’, म्हणजे स्कॉटिश एलचा कडक प्रकार, दिसली तर मात्र अर्धाच ग्लास सांगा. त्या गोडव्यामागे ६.५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. आणि सोबत आयपीए (हॉप्सची कडवट बिअर) घेणार असाल तर स्कॉटिश एल आधी प्या, नंतर जिभेला काही कळत नाही.