उसाच्या राखेचं काँक्रीट करताय? या चुका टाळा

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आणि एम.टेक.ला दरवर्षी हमखास निवडला जाणारा एक विषय आहे: सिमेंटचा काही हिस्सा कमी करून त्याजागी उसाच्या चिपाडाची राख घालायची आणि काँक्रीटची ताकद बघायची. विषय चांगलाच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात गाळप हंगामात या राखेचे ढीग निघतात. नीट जळलेल्या राखेत अस्फटिक, म्हणजे स्फटिक न बनलेली, सिलिका असते. सिमेंटचं हायड्रेशन, म्हणजे पाण्याशी संयोग, होताना जो चुना सुटतो, त्याच्याशी ही सिलिका संयोग पावते आणि काँक्रीटला बांधणारं जेल आणखी तयार होतं. सिमेंट वाचतं, राखेचा प्रश्न सुटतो. म्हणूनच घाईपायी या विषयाची नासाडी झालेली मला बघवत नाही. प्रयोगशाळेत या काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, म्हणजे क्यूब, मी वर्षानुवर्षं फुटताना पाहते आहे, आणि खात्रीने सांगते की बहुतेक प्रकल्प काँक्रीट कालवण्याच्या आधीच फसलेले असतात. राख गोळा करताना, नाहीतर सिमेंट विकत घेताना.

राख कुठली, हेच माहीत नसणं

बहुतेक रिपोर्टांत राखेबद्दल एकच वाक्य असतं: 'जवळच्या साखर कारखान्यातून राख मिळवली.' यातून काहीही कळत नाही. एकाच कारखान्यात बॉयलरच्या जाळीखाली पडणारी जाड राख, धूर चिमणीत जाण्याआधी पकडलेली बारीक राख आणि वेट स्क्रबरमधून पाण्याबरोबर गाळ होऊन आलेली राख या तीन वेगळ्या वस्तू आहेत. चिपाड बॉयलरमध्ये जातं तेव्हा त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते सगळीकडे सारखं जळत नाही, आणि काळे, तंतुमय, अर्धवट जळलेले कण राखेत राहतात. उसाबरोबर शेतातली माती येते आणि त्या मातीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, जशीच्या तशी राखेत उतरते.

एका एम.टेक.च्या मुलाचं काम मला विसरता येत नाही. हिवाळ्यात आणलेल्या राखेवर त्याचे २० टक्क्यांचे क्यूब २८ दिवसांना नुसत्या सिमेंटच्या क्यूबच्या बरोबरीने आले. सगळे खूश. राख संपली म्हणून जुलैत तो त्याच कारखान्यात गेला, आवारातल्या ढिगातून दोन पोती भरून आणली आणि पुढची मालिका टाकली. ते क्यूब फारच कमी भरले. मग दोष शोधणं सुरू झालं. आधी मिक्सर, मग क्युरिंग टाकीतलं पाणी, मग सीटीएम, म्हणजे क्यूब फोडायचं मशीन. मशीनचं कॅलिब्रेशन करून घेतलं, ते बरोबर निघालं. राखेकडे मात्र कोणी बघेना, कारण 'राख तीच आहे, मॅडम'.

शेवटी दोन्ही खेपांचे नमुने एक्स-रे डिफ्रॅक्शनला, म्हणजे पदार्थातली स्फटिकं ओळखणाऱ्या चाचणीला, पाठवले. पहिल्या नमुन्यात क्वार्ट्झची थोडी शिखरं होती आणि त्यांच्या तळाशी अस्फटिक सिलिकेचा रुंद उंचवटा स्पष्ट दिसत होता. दुसऱ्यात क्वार्ट्झची शिखरं उंच झालेली, आणि सोबत म्युलाइट. म्युलाइट हे अ‍ॅल्युमिना आणि सिलिकेचं खनिज. दगडी कोळशाच्या राखेत ते नेहमी सापडतं. चिपाडाच्या राखेत ते असायचं काही कारण नाही. कारखान्यात फोन केला तेव्हा उलगडा झाला. हंगाम संपून चिपाडाचा साठा आटला, तेव्हा सहवीजनिर्मितीचा बॉयलर कोळशावर चालवला होता आणि ती जाड राखही त्याच ढिगावर पडत होती. वर पावसाने आवारातली माती त्यात कालवली होती. त्या मुलाचं अख्खं सत्र गेलं, आणि पहिल्या मालिकेचे चांगले आकडेही अपुरे राहिले, कारण त्या राखेचा चिमूटभर नमुनाही राखून ठेवलेला नव्हता. डिफ्रॅक्शनला पाठवलेला नमुना पोत्याच्या शिवणीतून झटकून गोळा केलेला होता.

मी माझ्या मुलांना ढिगातली राख आणू देत नाही. बॉयलर फक्त चिपाडावर चालू असताना थेट हॉपरखालून, म्हणजे राख जमा होते त्या कोठीखालून, राख घ्यायची, आणि बॉयलर अटेंडंटला विचारून त्या आठवड्यातलं इंधन वहीत लिहायचं. ही माणसं खूप काही सांगतात. विचारायला कोणी जात नाही एवढंच. एका पाळीची राख पुरेशी नाही. दोन-चार दिवसांची वेगवेगळ्या पाळ्यांतली राख आणून एकत्र करायची, चार भाग करत नमुना काढायचा, १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची. एक किलो हवाबंद बरणीत बाजूला, तारखेसकट. प्रकल्प संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

त्यानंतर चाळणं आणि दळणं. तंतुमय काळे कण मोठे आणि हलके असतात, ते ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर बरेचसे अडकतात. आयआयटी मद्रासमध्ये या राखेवर बारकाईने काम झालं आहे. त्यातही ३०० मायक्रॉनला चाळून मग सिमेंटइतकी बारीक दळलेली राख चांगली ठरली. ब्राझीलमधल्या संशोधकांनी राख पुन्हा भाजण्याचा अभ्यास केला, तेव्हा ६०० अंशांच्या आसपास कार्बन जळून जातो आणि सिलिका अस्फटिक राहते असं दिसलं. त्याहून बरंच तापवलं तर सिलिका स्फटिक व्हायला लागते आणि तिची क्रियाशीलता जाते. तेव्हा 'जास्त भाजली म्हणजे जास्त शुद्ध' असं समजून राख ९०० अंशांच्या भट्टीत रात्रभर ठेवू नका.

इथेच आणखी एक गैरसमज. एक्सआरएफच्या, म्हणजे रासायनिक घटक मोजणाऱ्या एक्स-रे चाचणीच्या, अहवालात सिलिका ७० टक्के दिसली की मुलं उत्कृष्ट पॉझोलान, म्हणजे चुन्याशी संयोग पावून ताकद देणारा पदार्थ, मिळाल्याचं जाहीर करतात. एक्सआरएफ फक्त किती सिलिका आहे ते सांगतं, कोणत्या रूपात आहे ते नाही. नदीच्या वाळूतही सिलिका भरपूर असते, पण तिने सिमेंट वाचत नाही. आयएस १७२७ या भारतीय मानकातली चुन्याशी क्रियाशीलतेची चाचणी करा, ती दहा दिवसांत होते. शिवाय मी एक जादा मिश्रण टाकायला लावते: राखेइतकंच बारीक दळलेलं क्वार्ट्झ, तेवढ्याच टक्क्यांत. ९० दिवसांना राखेचे क्यूब या क्वार्ट्झच्या क्यूबपेक्षा वर गेले नाहीत, तर तुमची राख रासायनिक काम करत नाही, नुसती पोकळ्या भरते आहे. हे मिश्रण कुणाला टाकावंसं वाटत नाही, कारण त्यातून नको असलेलं उत्तर येऊ शकतं. म्हणूनच ते हवं.

पीपीसीवर प्रयोग

दुसरी चूक इतकी सर्रास होते की रिपोर्ट हातात आला की मी आधी साहित्याचं पान उघडते. मुलं कोपऱ्यावरच्या दुकानातून सिमेंटची गोणी आणतात. आज किरकोळ दुकानात मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट, असतं, आणि आयएस १४८९ भाग १ प्रमाणे फ्लाय अ‍ॅशच्या पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. समजा तुमच्या गोणीत ३० टक्के आहे. १०० किलोंतलं २० किलो सिमेंट काढून तुम्ही चिपाडाची राख घातली, तर उरलेल्या ८० किलोत खरं क्लिंकर (भट्टीतून निघालेला सिमेंटचा मूळ माल) आणि जिप्सम मिळून ५६ किलोच. म्हणजे बाइंडरमध्ये, सिमेंट आणि राख मिळून होणाऱ्या मालात, एकूण राख ४४ टक्के झाली, आणि रिपोर्टात लिहिलंय २० टक्के.

राखेला संयोगासाठी चुना लागतो आणि तो क्लिंकरमधूनच यायचा असतो. आधीची फ्लाय अ‍ॅश त्या चुन्यावर हक्क सांगून बसलेली असते. मग ताकद घसरते आणि निष्कर्ष येतो की चिपाडाची राख निकामी आहे. एका प्रकल्पात तर तुलनेसाठीचं कंट्रोल मिश्रण ओपीसीचं, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचं, आणि राखेची मिश्रणं पीपीसीची होती, कारण मध्येच ओपीसी संपलं आणि सुट्टीचा दिवस होता. एक दिवस थांबायला हवं होतं. तो सगळा तक्ता निरर्थक झाला.

ओपीसी घ्या, गोणीवरची अक्षरं वाचा, सगळ्या मालिकांना पुरेल एवढं एकाच लॉटचं एकदम आणा आणि हवाबंद पिंपात ठेवा. ओपीसीतही आयएस २६९ थोडी भर घालायची मुभा देतं, पण ती ५ टक्क्यांपर्यंतच.

पाणी हाताने वाढवणं

राखेतला कार्बन पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर (काँक्रीट प्रवाही करणारं रसायन) दोन्ही शोषतो. स्लम्प, म्हणजे ताज्या काँक्रीटचा ढीग किती खचतो ते माप, पुरेसा येत नाही, काँक्रीट कोरडं दिसतं, आणि कोणीतरी मग्ग्याने पाणी ओततं. एका घनमीटरला ३८० किलो बाइंडर आणि १७१ लिटर पाणी धरलं तर गुणोत्तर ०.४५. त्यात १५ लिटर जादा गेलं की ०.४९. नंतर जी ताकद कमी दिसते ती पाण्यामुळे, आणि खापर राखेवर. ओतलेला प्रत्येक मग मोजून लिहा. त्यापेक्षा बरं म्हणजे पाणी पक्कं ठेवा आणि स्लम्प त्या रसायनाने, म्हणजे अ‍ॅडमिक्श्चरने सांभाळा.

क्रश सँड उघड्यावर ठेवलेली असेल तर तिचा ओलावा त्याच सकाळी काढा. ७०० किलो वाळूत ४ टक्के पृष्ठभागावरचं पाणी म्हणजे २८ लिटर. मागच्या आठवड्यातला आकडा चालणार नाही.

राख वजनाने बदलताना आकारमान विसरू नका. सिमेंटचं विशिष्ट गुरुत्व ३.१५, चिपाडाच्या राखेचं पुष्कळदा २ च्या आसपास. ७६ किलो सिमेंटला २४ लिटर जागा लागते, तेवढ्याच राखेला ३८ लिटर. वाळूचं प्रमाण त्यानुसार पुन्हा काढायचं असतं. विशिष्ट गुरुत्व दुसऱ्याच्या पेपरातून उचलायचं नाही. ल शातेलिएच्या बाटलीत रॉकेल घालून स्वतः काढा, एका दुपारचं काम आहे.

घमेल्याने मोजणं: नाही.

क्यूब थापीने सपाट केलेल्या तोंडावर ठेवून फोडणं: नाही. मोल्डला टेकलेल्या बाजूंवर भार द्या.

हाताच्या पंपाचं मशीन भराभर मारणं: नाही. आयएस ५१६ प्रमाणे वेग मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आहे, १५० मिलिमीटरच्या क्यूबला सेकंदाला साधारण सव्वापाच किलोन्यूटन. घाईने भार चढवला तर ताकद खोटी वाढून दिसते.

दळताना मास्क न लावणं: माझ्या प्रयोगशाळेत त्या मुलाला तिथूनच परत पाठवलं जातं. बारीक सिलिकेची धूळ फुप्फुसात राहते.

'१० टक्के ऑप्टिमम'

०, ५, १०, १५, २०. प्रत्येकी तीन क्यूब, एक आलेख, १० टक्क्यांवर शिखर, निष्कर्ष तयार. ५ आणि १० टक्क्यांमधला फरक बघावा तर चौरस मिलिमीटरला १ न्यूटन, आणि त्या तीन क्यूबमधला आपापसातला फरक त्याच्या तिप्पट. आयएस ४५६ एम ३० च्या काँक्रीटसाठी प्रमाण विचलनच ५ न्यूटन गृहीत धरतं. तो आकडा साइटचा आहे, प्रयोगशाळेत तो कमी यायला हवा, पण १ न्यूटनवर शिखर उभं करता येत नाही. एकाच घाण्यातले तीन क्यूब म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. मी टक्केवाऱ्या कमी करायला लावते, ०, १० आणि २० पुरे, आणि प्रत्येक मिश्रण वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा टाकायला लावते. आलेखावर विचलनाच्या रेघा हव्यातच. त्या काढल्या की पुष्कळ शिखरं नाहीशी होतात, आणि त्यात वाईट काहीच नाही. २० टक्के राख घालूनही ताकद टिकते, एवढं पक्कं सांगता आलं तर ते मोठं फळ आहे.

आयएस ४५६ मध्ये फ्लाय अ‍ॅश, सिलिका फ्यूम, भाताच्या तुसाची राख, मेटाकाओलिन यांची नावं आहेत, चिपाडाच्या राखेचं नाही. आयएस ३८१२ च्या मर्यादा, म्हणजे ज्वलनातली घट (राख भाजल्यावर कमी होणारं वजन) ५ टक्क्यांपर्यंत आणि ४५ मायक्रॉनवर अडकणारी राख ३४ टक्क्यांपर्यंत, या कोळशाच्या राखेसाठी आहेत. मापदंड म्हणून जरूर वापरा. 'मानकानुसार योग्य' असं मात्र लिहू नका.

पर्यावरणाचा गुणाकार

शेवटच्या प्रकरणात वाचवलेलं सिमेंट गुणिले एक आकडा, आणि इतका कार्बन डायऑक्साइड वाचला. क्लिंकर करताना चुनखडी भाजूनच टनामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा, म्हणजे मुद्दा खरा आहे. पण राख वाळवायला उष्णता लागली, बॉल मिल चालली, सोलापूरहून पुण्यापर्यंत ट्रक आला. न दळलेली राख इतकी हलकी असते की ट्रक वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो. हे वजा करा. बॉल मिलला विजेचं मीटर लावणं अवघड नाही. आणि ती राख आज कुठे जाते तेही विचारा. ती शेतात किंवा वीटभट्टीवर आधीच वापरली जात असेल तर तुमची बचत तेवढी कमी धरावी लागते.

वेळापत्रक

पॉझोलानची क्रिया सावकाश चालते. ७ आणि २८ दिवसांवर थांबलेला अभ्यास राखेवर अन्याय करतो. ५६ आणि ९० दिवसांचे क्यूब हवेत. रिपोर्ट एप्रिलमध्ये द्यायचा असेल तर शेवटचे क्यूब जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवेत. त्याआधी वाळवणं, चाळणं, दळणं, चुन्याची चाचणी आणि ट्रायल मिक्स यांना महिनाभर जातो. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणून बॉयलर पेटून स्थिर चालला की लगेच कारखान्यात जा, आणि परवानगीचं पत्र दिवाळीच्या सुट्टीआधीच विभागप्रमुखांच्या सहीने पाठवून ठेवा.