गाडीत गाणी ऐकताना या चुका टाळा

नवी गाडी घेतलेला पोरगा माझ्या कार ऑडिओच्या दुकानात आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, मोठा वूफर टाका." वूफर म्हणजे बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, वाजवणारा स्पीकर. काच उघडी ठेवून चालवतो का, हायवेला जास्त असतो की गावात, हे मलाच खोदून विचारावं लागतं.

सगळ्यात वैताग आणते ती थकलेल्या कानांनी सेटिंग करण्याची हौस. आपल्या खानदेशात हळदीला डीजे लागतो आणि भावकीतली पोरं थेट बॉक्ससमोर नाचतात. पाचोऱ्याकडचा एकजण असाच हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आला. कानात शिट्टी वाजतेय म्हणत होता, पण नवरदेवाची गाडी तीच, म्हणून सेटिंग आजच पाहिजे. "ट्रेबल वाढवा, अजून वाढवा," करत ट्रेबल, म्हणजे बारीक, वरच्या पट्टीचा आवाज, पार कडेला नेला. परवा या म्हटलं, तर तोंड वाकडं. लग्न उरकल्यावर हजर: "काय भो, हे स्पीकर किंचाळताय. बदलून दे." स्पीकर तेच होते, कान ठिकाणावर आले होते. दणदणाटानंतर काही तास, कधी दिवसभरही ऐकू कमी येतं, त्यातही बारीक आवाज जास्त दबतात. मी ट्रेबल मधोमध आणून त्याला वाटेला लावलं. आता शिट्टीवाला कान घेऊन आलेल्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो.

दुसरी चूक, उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून आवाज पास करणं. धुळे रोडला ऐंशीचा वेग धरला की टायरची घरघर सुरू होते. ती खालच्या पट्टीतली, त्यामुळे आधी बासच झाकते. मग बास वाढवला जातो आणि गावात सिग्नलला दरवाजे खडखडतात. मी ओळखीचं एकच गाणं लावून गाडी हायवेला काढतो आणि तिथेच बास ठरवतो. वूफरच्या आधी दरवाज्यात डॅम्पिंग शीट (खडखड दाबणारं अस्तर) टाका, झिजलेलं रबर बदला. घाई असलेल्यांना हे काम दिसत नाही म्हणून पटत नाही.

मे महिन्यात ब्लोअर फुल असताना सेटिंगला हात लावू नका, आधी गाडी गार होऊ द्या. काच उघडी असेल तर बारकावे विसराच.

आबांना शब्द कळत नसतील तर आवाज चढवून उपयोग नाही. वयाबरोबर वरच्या पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं. बास थोडा उतरवा, शब्द मोकळे होतात.

लाउडनेसचं बटण हळू आवाजासाठी आहे, कारण हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो. आवाज चढवला की ते बंद करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल फक्त ४ तास. शिरपूर-जळगाव रोज करणाऱ्यांनी हा हिशेब जरा मांडून बघावा.

आणि टेपचा आवाज शेवटपर्यंत चढवू नका. आवाज फाटायला लागतो आणि आधी ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जातो. तसा जळालेला ट्वीटर मी वॉरंटीत घेत नाही.