प्रोग्रॅमला नेटवरच्या बातम्या वाचून शिकवायचं कसं

प्रोग्रॅम रोज आपला आपण वाचत अन् शिकत राहावा असं वाटत असंल तर विषय छोटा घ्या. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या टीमनं जानेवारी 2010 मध्ये नेल नावाचा प्रोग्रॅम चालू केला, तो रात्रंदिवस वेबपेजेस वाचायचा, अन् सुरुवातीला त्याला प्रत्येक प्रकाराची (शहर, कंपनी असे प्रकार) 10-15च उदाहरणं दिलेली होती. तीच पद्धत धरून आपण बाजारभाव घेऊ, मराठवाड्यात त्या बातम्यांना तोटा नाही.

आधी दोन याद्या करा, एक पिकांची (सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस) अन् एक बाजारांची (लातूर, जालना, हिंगोली). पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम बातम्यांत ही नावं हुडकतो, "लातूर बाजार समितीत सोयाबीनची आवक" वाचून "अमुकची आवक" हा साचा उचलतो, मग त्या साच्यात मोसंबी दिसली की ती पिकांच्या यादीत, मोसंबीच्या आजूबाजूनं परत नवा साचा, असं चालू राहतं. पण मराठीत तूर नुसती तूर म्हणून येते कुठं, तुरीची, तुरीला, कापसाचा, हरभऱ्याला, म्हणून शब्द मूळ रूपावर आणायची सोय आधी करा.

खरा घोळ पावसाळ्यात होतो बघा. "जायकवाडीत पाण्याची आवक वाढली" ही बातमी आली की प्रोग्रॅमच्या लेखी पाणी झालं पीक अन् जायकवाडी झाली बाजार समिती, आणि मग पाण्याच्या शेजारचा "विसर्ग" पण साचा म्हणून घुसतो, चूक चुकीला वाढवत जाते. नेलनं पण इंटरनेटच्या कुकीज (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या फाइली) बेकरीच्या मालात टाकल्या होत्या!

म्हणून धरणांची तिसरी यादी द्या अन् जे धरण ते बाजार नाही असा नियम घाला. फक्त "माजलगाव धरण" असं पूर्ण नाव लिहा, काहून की माजलगावला बाजार समिती पण आहे. नवीन नाव "क्विंटलला भाव", "पेरणी" अशा दोन-तीन वेगळ्या साच्यांत दिसल्याशिवाय पक्कं करू नका, आणि एकच बातमी धा साइटवर कॉपी झालेली असंल तर ती एकच धरा.

भाव तारखेसकट साठवा, जुना पुसू नका. औरंगाबाद अन् छत्रपती संभाजीनगर एकच, धाराशिव-उस्मानाबादचं पण तसंच, हे हातानंच सांगावं लागतं. रात्री क्रॉनला (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालू करणारी सोय) लावून टाका, साइटवर लोड येईल असं धडाधड ओढू नका, आणि आठवड्याला नवीन नावांची यादी कुण्या अडत्याला दाखवा, इंजिनिअरपेक्षा तो लवकर चुका काढतो.