सुतारकाम आणि शूटिंगचं सामान एकत्र नेताय? या चुका टाळा

सुतारकामाचे व्हिडिओ करणारी पोरं हल्ली बरीच झालीत, चांगलंच आहे, पण त्यांच्या बॅगा उघडल्या की मला घाम फुटतो. लेन्सच्या शेजारी पटाशी, चार्जरच्या वायरीत अडकलेला सी-क्लँप, आणि विचारलं तर म्हणे "एकच बॅग उचलायला सोपी पडते". उचलायला सोपी असेल, पण साईटवर गेल्यावर तीच बॅग नडते.

भुसा करणारं सामान आणि भुशाला घाबरणारं सामान कधीच एका बॅगेत नको. रंध्याचे ढलपे दिसतात, ते झटकता येतात. खरा त्रास सँडरच्या, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनच्या बारीक धुळीचा, त्यातही एमडीएफची (लाकडाचा बारीक चोथा दाबून केलेल्या फळीची) असेल तर बघायलाच नको, बॅगेच्या चेनच्या दातांत आणि लेन्सकॅपच्या आत जाऊन बसते.

मागे पावसाळ्यात सावंतवाडीजवळ एका वर्कशॉपमध्ये लाकडी फळांचं शूटिंग होतं. सोबत एक नवीन पोरगा, हुशार पण अंगात घाई. लेथच्या बाजूलाच बॅग उघडी टाकून साहेबांनी लेन्स बदलली आणि सेन्सरवर धूळ बसली. धूळ उडवायचा रबरी ब्लोअर होता ना बॅगेत, पण पार तळाला, त्याच्यावर ड्रिल, क्लँप, टेप आणि गुंडाळून कोंबलेला एक्स्टेन्शन बोर्ड. ते सगळं कोण उपसणार? शेजारी नेलगनचा, म्हणजे हवेच्या जोरावर खिळे मारायच्या मशीनचा कॉम्प्रेसर चालूच होता. "दादा, हवा मारू का?" मी लाईट बांधायला शिडीवर चढलेलो, अरे नको म्हणेपर्यंत मारली पण. आता कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं, हवेबरोबर तेलाचे कण येतात आणि प्रेशर सहा-सात बार. लाकडावर मारायला ठीक आहे हो, पण शटरची पाती कागदासारखी पातळ असतात. सेन्सरच्या काचेवर तेलकट थर, एक पातं जागेवरून हललेलं, दिवस तिथेच संपला. दुरुस्तीच्या बिलात एक चांगला सँडर आला असता.

पोराला मी कमी बोललो, बॅग भरणाऱ्याला जास्त. घाईत माणूस वर असेल तेच उचलतो. म्हणून माझं ठरलेलंय, हत्यारं झाकणाच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये, कॅमेरा वेगळ्या बॅगेत, आणि ती बॅग गाडीत नाहीतर दुसऱ्या खोलीत, चेन बंद. ब्लोअर आणि ब्रश बाहेरच्या कप्प्यात, ब्लोअर तर दोरीने पट्ट्यालाच बांधलेला. २४-७० ची झूम लेन्स घरीच लावून निघायचं आणि सँडर चालू आहे तिथे लेन्स बदलायचीच नाही. झूम न होणाऱ्या प्राईम लेन्सचे लाड घरी करा.

दुसरं म्हणजे सुट्या बॅटऱ्या. मायक्रोफोनच्या ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलचे १८६५० (गोल लिथियम) सेल तर उघडेच, आणि लोक ते जिप्सम स्क्रूच्या पुडीबरोबर एका पाऊचमध्ये टाकतात. स्क्रू आडवा आला की शॉर्ट. एकदा रिक्षात असंच एक पाऊच हातात धरवेना इतकं तापलं, वास सुटला, रिक्षा थांबवून ते बाहेर फेकावं लागलं. दोन-पाच रुपयांची टेप टोकांवर लावायला काय जातं? सेलना प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्या.

विमानाने जाणार असाल तर ड्रिल, करवत, पटाश्या चेक-इनमध्ये, पण ड्रिलची बॅटरी काढून स्वतःबरोबर केबिनमध्ये. बरेच जण बरोब्बर उलटं करतात. केवढी बॅटरी चालते त्याचं गणित सोपंय, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८ व्होल्ट ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर, चालते. ६ एएच म्हणजे १०८, शंभरच्या वर गेली की आधी एअरलाईनची परवानगी. १६० च्या वरची नेताच येत नाही.

ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची निळी पुडी गुलाबी झाली म्हणजे ती भरली, आता ती काही शोषणार नाही. वर्षभर तीच पुडी बॅगेत ठेवून "लेन्सला फंगस कसा लागला" विचारू नका. तापवून परत वापरता येते, पण जेवणाच्या तव्यावर नको, निळ्यातल्या रंगात कोबाल्ट असतं.

कॅमेऱ्याचे लाईट आणि टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) एका बोर्डवर नको, सॉ चालू झाला की लाईट लुकलुकतात. ग्लूची बाटली उभीच ठेवायची आणि तीही पिशवीत. ट्रायपॉड ॲक्टिव्हावर आडवा धरून जाणाऱ्यांना माझा दुरून नमस्कार.

आणि परत आल्यावर "उद्या आवरू" म्हणून क्रेट तसाच ठेवणारे. कोकणातल्या पावसात भिजलेला क्रेटमधला फोम ओलावा धरून ठेवतो, त्यात रुतवलेल्या पटाश्या दोन दिवसांत गंजतात. मी आल्या रात्रीच पटाश्या पुसून मशीन ऑईलचा हात फिरवतो, फोम पंख्याखाली टाकतो आणि ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून ब्रशने झाडतो, नाहीतर ट्विस्ट लॉकमध्ये भुसा अडकून पुढच्या वेळी पाय निम्म्यातच अडतो.