क्रेडिट कार्डाच्या बिलात चुकीचा चार्ज? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रागाच्या भरात अख्खं बिलच न भरणं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका काकांचं कार्ड दादरला साड्यांच्या दुकानात दोनदा स्वाइप झालं, पहिल्यांदा मशीनने 'डिक्लाइन्ड'ची स्लिप काढली म्हणून दुकानातल्या पोराने परत कार्ड घातलं, आणि स्टेटमेंटमध्ये दोन्ही एन्ट्र्या हजर. काकांनी ठरवलं, चूक त्यांची, मी एक रुपया भरणार नाही. झालं, ड्यू डेट गेली, लेट फी लागली, व्याज लागलं, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि मागची बाकी असल्यामुळे नंतर भरलेल्या किराणा-पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. दुकानाचे पैसे परत आले, पण ते व्याज काढून घ्यायला काकांना त्याहून जास्त भांडावं लागलं. बाबांनो, वादातल्या रकमेचं काय करायचं ते बँकेकडून लेखी घ्या आणि बाकीचं वेळेत भरा. मी तर रक्कम छोटी असेल तर पूर्ण बिल भरतो आणि मग भांडतो.

दुसरं, नुसते फोन करत बसणं. काकांना दर वेळी नवीन माणूस भेटायचा आणि गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागायची. तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि लगेच बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून बँकेला तारीख, रक्कम, दुकानाचं नाव आणि स्लिपचा फोटो पाठवा. ती 'डिक्लाइन्ड'ची स्लिपच खरा पुरावा होती आणि काकांनी ती काउंटरवरच टाकून दिली होती! जपून ठेवली तरी त्या कागदावरची शाई उडते, त्यामुळे फोटो त्याच दिवशी काढा.

स्टेटमेंटवर बऱ्याचदा दुकानाच्या पाटीवरचं नाव नसतं, ते चालवणाऱ्या कंपनीचं असतं, तेव्हा अनोळखी नाव दिसलं तर तक्रारीआधी घरात विचारा, कोणी काही घेतलं होतं का.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे असतो.

फ्रॉड असेल तर मात्र विचार करत बसू नका, कार्ड ब्लॉक करा, बँकेला कळवा, सायबर फ्रॉडच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि व्यवहाराचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

आणि दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, धावणारे! आधी बँकेत लेखी तक्रार लागते, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जा. फी नाही, वकीलही लागत नाही, फक्त तो मेल आणि तक्रार नंबर हाताशी ठेवा.